ध्वनीच्या तिप्पट वेगानें

आयुष्याचीं तीस-बत्तीस वर्षें ज्यानें खडू आणि फळा यांच्या संगतींत काढलीं, त्याला कोणत्याहि विषयावर बोलावयास सांगितलें, तरी प्रथम आपला वर्गच आठवतो. माझेंहि तसेंच झालें. जेट विमानाच्या इंजिनावर बोलण्याचें मीं कबूल केलें, तेव्हां माझ्या नोकरीच्या आरंभींच्या काळांतील एक मुलगा डोळ्यांपुढें उभा राहिला. वर्गाच्या भिंतीवर एका लढाऊ विमानाचें चित्र होतें. त्याकडे बराच वेळ पाहून तो उठला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्या विमानाला पंखा नाहीं. मग तें कशाला धरून पुढें जातें?" मीं उत्तर दिलें, "मागून जोराचा झोत निघतो. तो बाहेरच्या हवेला रेटतो, आणि त्या रेट्यानें विमान पुढें सरकतें." मुलगा समाधान पावून खालीं बसला.

श्रोतेहो, तें उत्तर चुकीचें होतें. पुढें वाचनांत माझी चूक मला कळली. पण तोंपर्यंत तो वर्ग शाळा सोडून गेला होता. शिक्षकाच्या हातून गेलेलें चुकीचें उत्तर हें न फिटलेल्या कर्जासारखें असतें. आज तें फेडावें अशी माझी इच्छा आहे. त्यासाठीं मला आपणांस, ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणाऱ्या एका लष्करी विमानाच्या इंजिनापर्यंत न्यावें लागेल. कारण त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर तेथें जितकें स्पष्ट दिसतें, तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल.

प्रथम चूक दुरुस्त करूं. फुगा फुगवून तोंड न बांधतां सोडला, तर तो घरभर भिरभिरत जातो. फुग्यांतील हवा आंतून सर्व बाजूंना सारखी दाबत असते. तोंड मिटलेलें असतें, तोंपर्यंत समोरासमोरचे दाब एकमेकांना तोलून धरतात. तोंड उघडलें, कीं त्या बाजूला दाब झेलण्यास भिंतच उरत नाहीं. परंतु समोरच्या भिंतीवरचा दाब कायम असतो, आणि तोच फुग्याला ढकलतो. बाहेरची हवा ह्या कामीं लागतच नाहीं. म्हणून तर अग्निबाण निर्वात अंतराळांतहि पुढें जातो. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितलेला क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा नियम तो हाच. तात्पर्य, जेट इंजिन बाहेरच्या कशालाहि धरीत नाहीं. त्याला मिळणारा रेटा त्याच्या स्वतःच्याच अंगावर, आंतल्या बाजूनें मिळतो.

आतां अशा इंजिनाची गरज कां पडली, तें पाहूं. पंख्याचें विमान मळसूत्राप्रमाणें हवा कापीत जातें. वेग वाढतो, तसतशीं पंख्याच्या पात्यांचीं टोंकें ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतात, आणि मग इंजिनाची शक्ति वायां जाऊं लागते. १९३९ च्या एप्रिल महिन्यांत जर्मनींतील मेसरश्मिट कंपनीच्या एका खास विमानानें ताशीं ७५५ किलोमीटरांचा उच्चांक केला. पिस्टनच्या इंजिनावर चालणाऱ्या विमानांत तो पुढें तीस वर्षें कोणालाहि मोडतां आला नाहीं. हा रस्ता येथें संपत होता.

पुढचा रस्ता ज्याला दिसला, तो इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवीं १९०७ सालीं जन्मलेला फ्रँक व्हिटल. हवाई दलांत शिकाऊ कारागीर म्हणून जाण्यास तो निघाला, तेव्हां उंची कमी म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें. त्यानें व्यायाम केला, पुन्हां अर्ज केला, आणि १९२३ सालीं प्रवेश मिळविला. पुढें अधिकारी होण्याचें शिक्षण घेत असतांना १९२८ सालीं त्यानें विमानांच्या भावी प्रगतीवर एक निबंध लिहिला. खूप उंचावर, विरळ हवेंत गेल्याशिवाय मोठा वेग साधणार नाहीं, हा त्यांतील मुख्य विचार होता. जानेवारी १९३० मध्यें, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें जेट इंजिनाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. ब्रिटिश हवाई मंत्रालयास त्यांत कांहीं अर्थ दिसला नाहीं. १९३५ सालीं पेटंटाच्या नूतनीकरणाची फी भरावयाची वेळ आली. फी होती पांच पौंड. सरकारनें ती भरली नाहीं, संसारी व्हिटलला ती परवडली नाहीं, आणि तें पेटंट हातचें गेलें. पांच पौंडांसाठीं एका राष्ट्रानें काय गमावलें, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा!

तरीहि व्हिटल थांबला नाहीं. मित्रांच्या साह्यानें कंपनी काढून त्यानें इंजिन बांधलें, आणि १२ एप्रिल १९३७ रोजीं तें प्रथम सुरू केलें. इंजिनानें असा कांहीं वेग घेतला, कीं इंधन बंद केलें तरी तें आवरेना. आसपासचे लोक पळत सुटले. आंत साचून राहिलेलें इंधन जळत होतें, हें मागाहून उमगलें. त्याच सुमारास जर्मनींत हान्स फॉन ओहाइन हा तरुण पदार्थवैज्ञानिक त्याच वाटेनें चालला होता. त्याला हाइंकेल या धनवान विमान-कारखानदाराचा आश्रय मिळाला, आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजीं, म्हणजे दुसरें महायुद्ध पेटण्याच्या अवघे पांच दिवस आधीं, जगांतील पहिलें जेट विमान त्याच्या इंजिनावर उडालें. व्हिटलचें इंजिन घेऊन पहिलें ब्रिटिश जेट विमान उडावयास १५ मे १९४१ हा दिवस उजाडावा लागला. युद्धांत शत्रुराष्ट्रांचे असलेले हे दोघे संशोधक उतारवयांत एकमेकांचे स्नेही झाले, आणि १९९१ सालचें ड्रेपर पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें, ही गोष्ट मनाला मोठें समाधान देते.

या इंजिनाचें काम चार शब्दांत सांगतां येईल: घेणें, दाबणें, जाळणें आणि सोडणें. पुढच्या तोंडानें हवा आंत घ्यावयाची. फिरत्या पात्यांच्या चक्रांनीं, म्हणजे कॉम्प्रेसरनें, ती दाबावयाची. मग ज्वलनकक्षांत इंधन शिंपडून तें जाळावयाचें. तापून फुगलेला वायु मागें धांवतो आणि वाटेंत टर्बाइन नांवाचें चक्र फिरवितो. तें चक्र एकाच दांड्यावरून पुढच्या कॉम्प्रेसरला फिरवितें. उरलेला जोर झोताच्या रूपानें मागून बाहेर पडतो. लोहाराचा भाता चालवावयास माणूस लागतो. येथें विस्तवच आपला भाता आपण चालवितो.

परंतु विस्तवाच्या ऐन तोंडांत फिरणारीं टर्बाइनचीं पातीं हेंच या यंत्राचें मर्मस्थान होय. १९४४ सालीं जर्मनांनीं मेसरश्मिट २६२ हें जेट विमान लढाईंत उतरविलें. ताशीं सुमारें ८७० किलोमीटर वेगानें तें जाई. पण निकेल आणि क्रोमियम यांचा तुटवडा असल्यामुळें त्याचें इंजिन वीस-पंचवीस तासांतच निकामी होई. उष्णतेला टिकेल अशी धातु मिळाली तरच वेग मिळेल, हा धडा त्या वेळींच मिळाला. पुढच्या काळांत टर्बाइनच्या मागें आणखी इंधन जाळण्याची सोय झाली. तिला आफ्टरबर्नर म्हणतात. तिच्या बळावर विमानांनीं ध्वनीचा वेग ओलांडला, मग दुप्पट केला. तिप्पट वेगाच्या उंबरठ्यावर मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली.

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापलेलें आपण सर्वांनीं अनुभविलें असेल. हवा दाबली, कीं तापते. ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणाऱ्या विमानाच्या तोंडांत हवा शिरून थबकली, कीं ती आपोआपच दाबली जाते आणि भयंकर तापते. ८०,००० फुटांवर बाहेरची हवा शून्याखालीं ५५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. तीच हवा इंजिनाच्या दारापाशीं येईतों सुमारें ४०० अंशांवर जाते! अजून कॉम्प्रेसरनें तिला हातहि लावलेला नाहीं. तो तिला आणखी दाबणार, ती आणखी तापणार. त्या काळचीं टर्बाइनचीं पातीं तर अकराशें अंशांच्या आसपासच्या वायूपलीकडे टिकत नसत. मग मध्यें इंधन जाळण्यास जागा उरते कितीशी? जेवावयास बसण्यापूर्वींच पोट भरावें, तशी इंजिनाची अवस्था होते.

हा प्रश्न अमेरिकेंत लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन या अभियंत्यापुढें आला. रशियावरून अतिशय उंचीनें जाणारें यू-२ हें टेहळणी विमान १ मे १९६० रोजीं क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें. नुसत्या उंचीनें संरक्षण होत नाहीं, वेगहि हवा, हें त्यावरून सिद्ध झालें, आणि आधींच हातीं घेतलेल्या नव्या विमानाचें काम अधिकच निकडीचें बनलें. त्याचें पहिलें रूप, ए-१२, एप्रिल १९६२ मध्यें उडालें. आणि २२ डिसेंबर १९६४ रोजीं एसआर-७१ हें विमान उडालें. काळ्या रंगामुळें जगानें त्याला "ब्लॅकबर्ड", म्हणजे काळा पक्षी, हें नांव दिलें. त्याचीं दोन इंजिनें प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचीं होतीं. त्यांचें नांव जे-५८.

नेहमींची ॲल्युमिनियमची काया ह्या उष्णतेंत टिकली नसती. म्हणून विमान बहुतांशीं टायटॅनियम धातूचें केलें. ही धातु इतकी मानी, कीं उन्हाळ्यांत जोडलेले पत्रे लवकर निकामी होत आणि हिवाळ्यांत जोडलेले टिकत. शोधाअंतीं कळलें, कीं उन्हाळ्यांत शेवाळ मारण्यासाठीं गांवच्या पाण्यांत क्लोरिन अधिक घालीत, आणि त्याच पाण्यानें पत्रे धुतले जात! इंधनहि असें, कीं जळती काडी टाकली तरी पेटत नसे; विमानांतील उष्णता शोषून घेण्याचें कामहि त्याच्याकडेच होतें. तें पेटविण्यासाठीं, हवा लागतांच आपोआप पेट घेणारा एक निराळा रासायनिक द्रव बरोबर न्यावा लागे.

आतां इंजिनाकडे येतों. जे-५८ च्या रचनेंत रॉबर्ट अबर्नेथी या अभियंत्यानें एक युक्ति योजिली. कॉम्प्रेसरचीं चक्रें नऊ. मोठ्या वेगांत पुढचीं चक्रें जितकी हवा आंत ढकलीत, तितकी मागच्या चक्रांना गिळवत नसे. म्हणून चौथ्या चक्राच्या मागून सहा जाड नळ्या काढल्या, आणि जास्तीची हवा ज्वलनकक्ष व टर्बाइन यांना वळसा घालून थेट आफ्टरबर्नरमध्यें नेली. आंतील कोंडमारा टळला, आणि आफ्टरबर्नरला ताजी हवा मिळाली. पाटाला पाणी फार झालें, कीं शेतकरी बांध फोडून तें दुसऱ्या वाफ्यांत सोडतो, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु खरी करामत इंजिनाच्याहि पुढें, हवा घेणाऱ्या तोंडांत होती. ध्वनीच्या तिप्पट वेगाची हवा कॉम्प्रेसरवर जशीच्या तशी आदळूं देतां येत नाहीं. तिला ध्वनीच्या निम्म्याहूनहि कमी वेगावर आणावें लागतें. असा वेग एकदम मोडला, तर हवेंत आघात-तरंग उठतो आणि तिचा बहुतेक जोर फुकट जातो. कडा उतरावयाचा तो एका उडीनें नव्हे, पायऱ्यापायऱ्यांनीं उतरावा, हें शहाणपण येथें उपयोगी पडलें. इंजिनाच्या तोंडांत एक मोठा टोंकदार शंकु बसविला होता. त्याच्या टोंकावरून तिरपे, सौम्य आघात-तरंग निघत, आणि हवा टप्प्याटप्प्यानें मंदावत जाई. वेग वाढेल तसतसा तो शंकु आपोआप मागें सरके. सगळा मिळून सुमारें ६६ सेंटिमीटर. अखेरचा तरंग तोंडाच्या आंत, अरुंद गळ्याच्या किंचित् मागें स्थिर ठेवावयाचा. तेथून पुढें वाट रुंद होत जाई. नदीचें धांवतें पाणी रुंद डोहांत शिरून संथ व्हावें, तशी हवा तेथें संथ होई, आणि तिचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें चाळीसपट चढे.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आतां आपल्या हातीं आलें. हा चाळीसपट दाब तोंडाच्या रुंदावत जाणाऱ्या आंतल्या भिंतींवर पडतो आणि विमानाला पुढें रेटतो. अभियंत्यांनीं हिशेब मांडला, तेव्हां पूर्ण वेगांत एकंदर रेट्यापैकीं सुमारें ५४ टक्के ह्या तोंडाच्या भागावर, सुमारें २८ टक्के मागच्या झोत सोडणाऱ्या भागावर, आणि खुद्द इंजिनाच्या अंगावर अवघा १७ टक्क्यांच्या आसपास येतो, असें दिसून आलें. यावरून कोणी म्हणेल, मग इंजिन हवेंच कशाला? तसें समजणें मात्र चूक होईल. मागें आग पेटती आहे आणि इंजिन हवा सारखी गिळीत आहे, तोंपर्यंतच तो दाब नांदतो. गिळणें बिघडलें, कीं तोंडांतला दाबहि गेला. फुग्याला ढकलते ती समोरची भिंत खरी. पण फुगा भरतो कोण, हें विसरून चालत नाहीं.

हा तोल किती नाजूक होता, हें सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होणार नाहीं. कांहीं कारणानें तो अखेरचा आघात-तरंग गळ्यांतून निसटून तोंडाबाहेर फेकला गेला, कीं त्या बाजूचा रेटा क्षणार्धांत नाहींसा होई. दुसऱ्या बाजूचें इंजिन तर जोरांत चालूच. मग विमान असा हिसका घेई, कीं वैमानिकाचें शिरस्त्राण कांचेवर आदळे. २५ जानेवारी १९६६ रोजीं बिल वीव्हर आणि जिम झ्वेयर हे दोघे चांचणीच्या उड्डाणावर होते. वेग ध्वनीच्या तिपटीहून अधिक, उंची पाऊण लाख फुटांहून जास्त. त्या दिवशींच्या चांचणीसाठीं विमानाचा गुरुत्वमध्य मुद्दाम मागें नेलेला असल्यामुळें त्याचें स्थैर्य कमी झालें होतें. उजवीकडे वळण घेतांना उजव्या इंजिनाच्या तोंडांतील तरंग निसटला, आणि विमानाचे आकाशांतच तुकडे झाले. वीव्हर आसनासकट उडी घेऊं शकला नाहीं. फुटणाऱ्या विमानांतून तो बेशुद्ध स्थितींत बाहेर फेकला गेला. अंगावरच्या हवाबंद पोशाखानें त्याचा जीव राखला, पॅरॅशूट आपोआप उघडलें, आणि तो न्यू मेक्सिकोच्या माळरानावर जिवंत उतरला. झ्वेयर मात्र वांचला नाहीं. दोन आठवड्यांनीं वीव्हर पुन्हां त्याच जातीच्या विमानांत बसला. ज्या तरंगाविषयीं आपण येथें खुर्चींत बसून बोलतों, त्याची किंमत अशी दिली गेली आहे. बांधलेल्या ३२ एसआर-७१ विमानांपैकीं १२ अपघातांत नष्ट झालीं. शत्रूच्या हातून मात्र एकहि पडलें नाहीं. पुढें १९८० नंतरच्या दशकांत शंकूचें नियंत्रण अंकीय गणकयंत्रांकडे सोंपविण्यांत आलें, आणि हे हिसके क्वचितच बसूं लागले.

याच वेगाच्या प्रश्नाला रशियानें मिग-२५ विमानाच्या रूपानें निराळें उत्तर दिलें. टायटॅनियमऐवजीं त्याची काया मुख्यतः निकेलयुक्त पोलादाची केली; इंजिनें दांडगीं आणि रचनेनें साधीं ठेवलीं; आणि वेगाची मर्यादा ध्वनीच्या सुमारें २.८ पटींवर घातली, कारण तिच्यापलीकडे इंजिनें जायबंदी होण्याचें भय होतें. हीं विमानें आपल्या भारतीय हवाई दलांतहि होतीं. बरेलीच्या तळावरून १९८१ पासून २००६ पर्यंत त्यांनीं टेहळणीचें काम केलें. म्हणजे ह्या कथेचा एक धागा आपल्याहि आकाशांतून गेलेला आहे.

ब्लॅकबर्डनें १ सप्टेंबर १९७४ रोजीं न्यूयॉर्कहून लंडन १ तास ५४ मिनिटें ५६ सेकंदांत गांठलें. २८ जुलै १९७६ रोजीं त्यानें ताशीं ३,५२९ किलोमीटरांचा उच्चांक केला. जेट इंजिनाच्या विमानांत तो अद्यापि अबाधित आहे. पण वेगालाहि खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. कृत्रिम उपग्रह टेहळणी करूं लागले, विमानाचा खर्च डोईजड झाला, आणि १९९० सालीं तें निवृत्त झालें. मध्यंतरीं थोडें पुनरुज्जीवन होऊन १९९९ सालीं त्यानें अखेरचें उड्डाण केलें. आतां तीं विमानें संग्रहालयांत उभीं आहेत.

श्रोतेहो, जगांतील सर्वांत वेगवान जेट विमानाची सारी विद्या, आंत येणाऱ्या हवेला मंद करण्याची होती, ही गोष्ट मला विशेष वाटते. आग मोठी करणें त्या मानानें सोपें होतें. धांवत्या हवेला न दुखवितां थोपवून धरणें कठीण होतें. आणि त्या कामाला आरंभ केला तो पांच पौंड फी भरतां न आलेल्या एका बुटक्या तरुणानें.

माझा तो विद्यार्थी आतां चांगला प्रौढ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल, तर त्याला माझें एवढेंच सांगणें आहे: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, माझें उत्तर चुकलें होतें. तें विमान बाहेरच्या कशालाहि धरून जात नाहीं. तें आपल्याच अंगांत कोंडलेल्या दाबाच्या बळावर पुढें जातें. तुझ्या मुलांनीं तुला हाच प्रश्न विचारला, तर त्यांना एक फुगा आणून दे, आणि खरें उत्तर सांग.